ड्रेसिंग टेबलावर काय ठेवायचं, हे कुणी ठरवायचं?

गेल्या रविवारी भावजयीचा फोन आला. भाचीचा निकाह शव्वालच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. फर्निचर रमजानच्या आधीच बुक झालंय. पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल. फोनवर तिचं एकच म्हणणं होतं, "आपा, तुमारा हात अच्छा है. ड्रेसिंग टेबल तुमीच सजाको देव. लोकां आके पैले वोईच देखतें."

माझा हात चांगला आहे, हे खरं. बी.एड.ला शैक्षणिक साहित्याला मला नेहमी पैकीच्या पैकी गुण असायचे. खानदानातल्या सहा-सात नवऱ्या मुलींची ड्रेसिंग टेबलं मी स्वतः सजवलेली आहेत. खाली क्रोशाचा रुमाल, मधोमध आरशासमोर अत्तराच्या बाटल्या, उंच मागे, बुटक्या पुढे. डावीकडे बांगड्यांचा स्टँड, उजवीकडे सेलोफेनमध्ये बांधलेला कॉस्मेटिक्सचा ट्रे, त्याला गोट्याची किनार. कोपऱ्यात कापडी गुलाब. आजकाल त्यावर बारीक दिव्यांची माळही सोडतात आणि फोटो काढून आधी स्टेटसला लावतात. हे सगळं मला येतं. तरीही या वेळी मी भावजयीला "नाही" म्हणाले आणि ती माझ्यावर रुसली आहे. तिला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. ती हा ब्लॉग वाचत नाही, पण भाची वाचते.

आधी एक गैरसमज दूर करते. नट्टापट्टा वाईट, लिपस्टिक म्हणजे फितना, अशा बयानांची मला चीड आहे. जुम्याच्या दिवशी बायकांच्या पावडरीवर अर्धा तास बोलणारे लोक त्याच बायकांच्या बापांनी काढलेल्या कर्जावर पाच मिनिटं बोलत नाहीत. सुरमा, अत्तर आणि कंगवा तर खुद्द रसूलुल्लाहच्या (स.) वापरातल्या वस्तू होत्या. तेव्हा माझं भांडण सिंगाराशी नाही. दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी मांडलेल्या त्या दुकानाशी आहे, ज्यावर नाव मुलीचं आणि हुकूम बाकी सगळ्यांचा.

माझंच सांगते. २००४ साली माझं लग्न झालं. अब्बांनी सोलापुरातून सागवानी पॉलिशचं ड्रेसिंग टेबल दिलं होतं, लांबट आरशाचं, खाली दोन कप्पे. खालाने ते सजवून दिलं. आठवडाभर गल्लीतल्या बायका बघायला येत होत्या. एकीने अत्तराची बाटली उचलून खालचं लेबल वाचलं, दुसरीने ट्रेमधल्या नेलपॉलिशच्या बाटल्या मोजल्या. मी पलंगावर मान खाली घालून बसलेली.

पंधरा दिवसांनी मी त्यावर माझ्या पाठटाचणाच्या वह्या ठेवल्या. बी.एड. नुकतंच झालेलं, कुठे जागा निघाली तर मुलाखतीला जायचं होतं. संध्याकाळपर्यंत त्या वह्या पलंगाखालच्या ट्रंकेत गेल्या होत्या. सासूबाई वाईट नव्हत्या, अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. त्या एवढंच म्हणाल्या, "मेहमानां आतें बेटा, ऊपर का खराब नको करो." ट्रेचं सेलोफेन मी दोन वर्षं फोडलं नाही. सोलापूरचा एप्रिल तुम्हाला ठाऊक आहे. लिपस्टिका आतल्या आत वितळून वाकड्या झाल्या. ट्रंकेतल्या वह्यांना कसर लागली.

आणि चौथ्या वर्षी धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. एक दिवस शाळेतून घरी आले तर खोलीतला तो कोपरा रिकामा. टेबल पॉलिशला गेलं होतं. नवा आरसा बसवून ते नणंदेच्या जहेजमध्ये गेलं. मला कुणी विचारलं नाही. नवरा म्हणाला, "आपण दुसरं घेऊ." अजून घेतो आहोत. कप्प्यातलं माझं सामान एका पिशवीत भरून पलंगावर ठेवलेलं होतं, त्यात माझी डी.एड.ची मार्कशीट मधोमध दुमडलेली. नणंदेवर माझा राग नाही. तिलाही कुणी विचारलं नव्हतं, आणि तिच्या घरी त्या टेबलावर काय असावं हे तिची सासू ठरवत होती.

शमोएल अहमद यांची 'सिंगारदान' नावाची उर्दू कथा आहे. दंगलीत एका तवायफेचं वडिलोपार्जित सिंगारदान लुटून नेलं जातं, ती गयावया करत राहते. बी.ए.ला असताना वाचली तेव्हा मला वाटलं, लूट म्हणजे दंगलीत होते ती. घरात, पॉलिशवाल्याच्या टेम्पोतून, सर्वांच्या संमतीने होते तिला आपल्याकडे वेगळा शब्दच नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुमच्या एका टेबलावरून सगळ्या समाजाला का धारेवर धरता? बरं, माझं टेबल बाजूला ठेवू. नेहमीचे तीन जबाब घेऊ.

पहिला : "आमची काही मागणी नाही. तुमच्या मुलीला जे द्यायचं ते द्या." हे वाक्य मी इतक्या बैठकींत ऐकलं आहे की व्याकरणाच्या तासाला उदाहरण म्हणून देता येईल : रूप होकाराचं नाही, नकाराचं नाही, अर्थ मात्र आज्ञेचा. भाचीच्या बैठकीतही हेच झालं. वाक्य संपलं आणि पुढच्या श्वासात मुलाची खाला म्हणाली, "खोली मात्र मोठी आहे हं आमची." झालं. भावाने पतसंस्थेतून साठ हजार काढले. तो यंत्रमागावर काम करतो. त्यातलं बावीस हजारांचं ड्रेसिंग टेबल, आणि वर मांडायच्या सामानाचे आठ हजार वेगळे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने न मागता दिलेल्या भेटवस्तूंना सूट दिली आहे हे खरं, पण वधूकडच्यांनी दिलेल्या वस्तू रिवाजाप्रमाणे असाव्यात आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने फार नसाव्यात, असंही तिथेच लिहिलं आहे. कर्ज काढून दिलेली वस्तू ऐपतीत कशी बसते, ते कुणीतरी मला समजावून सांगावं.

दुसरा : "जहेज सुन्नत आहे. हजरत फातिमांना दिलं होतं." काय दिलं होतं? रिवायतीत येतं ते असं : एक चादर, एक मश्क, आणि इज़्खिर नावाच्या गवताने भरलेली चामड्याची उशी. हजरत अली लहानपणापासून रसूलुल्लाहच्याच घरात वाढलेले, तेव्हा घर दोन्ही बाजूंनी त्यांनाच मांडून द्यायचं होतं, असं अनेक आलिम सांगतात. आणि मेहरसाठी हजरत अलींनी आपलं चिलखत दिलं, हा भाग आपण सोयीने गाळतो. सूरह निसाच्या चौथ्या आयतीत बायकांना त्यांचा मेहर राजीखुशीने द्यायला सांगितलं आहे. ड्रेसिंग टेबलाचा उल्लेख मला कुठे सापडलेला नाही.

उर्दूची शिक्षिका म्हणून एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेहर दोन प्रकारचा, लगेच द्यायचा आणि नंतर द्यायचा. उर्दूत एक शब्द 'ऐन'ने लिहितात, दुसरा 'हमजा'ने. देवनागरीत दोन्ही 'मुअज्जल'च. आणि व्यवहारात आपण दोन्हींचा अर्थ एकच केला आहे : नंतर. 'जहेज'ही तसाच. त्याच्या मुळात सामानाची तयारी आहे, आणि त्याच मुळापासून 'तजहीज' आला, जो आपण मय्यतीच्या तयारीसाठी वापरतो. बाप दोन्ही वेळा उसने पैसे घेऊन उभा असतो.

तिसरा जबाब मला खरोखर अडवतो : "मुलीची हौस असते." असते ना! का नसावी? मी भाचीलाच विचारलं. ती डी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा लग्नानंतर दीड महिन्याने. मला वाटलं होतं ती म्हणेल, फुफू, मला यातलं काही नको. तसं झालं नाही. ती म्हणाली, "आरसा पाहिजे मला. मोठा. घरात एवढ्याशा आरशात पाच जणं बघतो आपण." मग थांबून म्हणाली, "पण वर काय ठेवायचं ते मी ठरवणार. नोट्स ठेवणार. आणि फुफू, कप्प्याला चावी असते का?"

मी चाळीस वर्षांत हा प्रश्न विचारला नाही. ज्या सहा-सात टेबलांना मी सजवलं, त्यांतल्या एकाच्याही कप्प्याला कुलूप आहे की नाही, हे मी पाहिलं नव्हतं. वरची फळी पुसून चकचकीत केली, तिचा दीड-दोन हात लांबीचा तुकडा लोकांच्या नजरेसाठी सजवला, आणि खालचा कप्पा, जो खरा तिचा असायला हवा, तो उघडा सोडला. नव्या नवरीला त्या घरात स्वतःची म्हणावी अशी बंद करता येणारी जागा एवढीच असते. एकत्र कुटुंबात कपाटाची चावी सासूकडे जाते, पलंग दोघांचा असतो, स्वयंपाकघर सगळ्यांचं.

म्हणून मी "नाही" म्हणाले, आणि त्याबरोबर भावाला तीन कामं सांगितली. पैकी एकही शोभेचं नाही.

फर्निचरवाल्याला सांगायचं की कप्प्याला चांगलं कुलूप बसव. दोन्ही चाव्या माझ्या भाचीच्या हातात द्यायच्या, सासरच्या मोठ्या बाईच्या ताटात नाही. कप्प्यात निकाहनाम्याची प्रत, मार्कशीट, बँकेचं पासबुक, आणि मेहरची जी रक्कम लगेच मिळेल ती.

आठ हजारांचं वरचं सामान आणायचं नाही. ती रोज वापरते ते काजळ, ती क्रीम आणि कंगवा ती स्वतः नेईल. उरलेल्या पैशांतून तिची परीक्षा फी भरा आणि उरेल ते पतसंस्थेत.

आणि यादी करायची. आपल्याकडे यादी होतेच की! मंडपात मोठ्याने वाचली जाते, "पलंग एक, कपाट एक, ड्रेसिंग टेबल मय आरसा एक", आणि मग तो कागद कुणाच्या तरी शेरवानीच्या खिशात विरून जातो. १९८५ च्या नियमांप्रमाणे वधूला मिळालेल्या वस्तूंची लेखी यादी वधूने ठेवायची असते. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली वधू-वर दोघांच्या सह्या. उद्या तलाकची वेळ आली, अल्लाह न करो, तर १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्याच्या कलम ३ प्रमाणे लग्नात तिला मिळालेल्या वस्तूंवर तिचाच हक्क आहे. पण हातात कागद नसेल तर ती कोर्टात काय दाखवणार, स्टेटसला लावलेला फोटो?

भावजयीचा राग मला कळतो. तिच्या स्वतःच्या लग्नात ड्रेसिंग टेबल नव्हतं, भिंतीला खिळ्यावर लटकवलेला आरसा होता आणि त्यावरून तिने वर्षानुवर्षं टोमणे खाल्ले. तिला मुलीला त्यातून वाचवायचं आहे. आईने आपल्या परीने केलेली ही ढालच आहे. फक्त ती ढाल बावीस हजारांची आहे, आणि टोमणे मारणारी तोंडं तिने बंद होत नाहीत, ती पुढच्या वस्तूकडे वळतात. वॉशिंग मशीन का नाही, हा प्रश्न परवाच आला म्हणे, अर्थात "मागणी" म्हणून नाही, सहज.

भाऊ दुकानात जाऊन आला. टेबल परत घ्यायला दुकानदार तयार नाही, बयाणा पाच हजार गेलेला. कुलूप बसवायचे साडेतीनशे सांगतो. यादीचा विषय काढल्यावर भाऊ गप्प झाला. "लोकां क्या बोलेंगे, सही मांगे तो?" मी म्हटलं, यादी मी लिहिते, मराठीत आणि उर्दूत, सही मागायलाही मीच जाते. शिक्षिका आहे, रोज चाळीस पोरांच्या पालकांच्या सह्या घेते.

काल रात्री भाचीचा मेसेज आला. तिने पट्टीने मोजून पाहिलं होतं, फार्मसीची जाड पुस्तकं आरशाच्या डाव्या बाजूला उभी मावतात. बांगड्यांचा स्टँड उजवीकडे.