अपुऱ्या विम्याचे छत्र

सुरतेच्या पर्वत पाटिया भागात खाडीचे पाणी दुकानांत शिरणे, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडविला. जून २०२० मध्ये 'निसर्ग' चक्रीवादळ कोकणावर आणि मे २०२१ मध्ये 'तौक्ते' सौराष्ट्रावर आदळले. संकट अनपेक्षित होते, असे यापुढे कोणासही म्हणता येणार नाही.

"विमा आहे ना!" असे व्यापारी समाधानाने सांगतो. परंतु तो विमा पुष्कळदा बँकेच्या कर्जापुरता उतरविलेला असतो, मालाच्या किमतीइतका नव्हे. मेख येथेच आहे. गुदामात एक कोटीचा माल आणि विमा चाळीस लाखांचा असेल, तर सरासरीच्या कलमानुसार दहा लाखांच्या हानीपोटी पदरी चारच लाख पडतात. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' विम्यात पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ होते. साठ टक्क्यांची नव्हे.

अरबी समुद्रातील वादळांचा दुसरा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. नेमकी तेव्हाच दिवाळीच्या मालाने गुदामे भरलेली असतात. वाचलेल्या हप्त्याची किंमत मग एकटा मालकच मोजत नाही. खानदेशातून पोटासाठी आलेल्या हमालाची रोजीही बुडते. म्हणून वहीपूजनाची वाट न पाहता व्यापाऱ्यांनी विमापत्रातील आकडा मालाच्या वहीशी आजच ताडून पाहावा, आणि कर्ज देणाऱ्या बँकांनीही केवळ आपल्या रकमेपुरती काळजी वाहू नये, असे आम्हांस वाटते.