हौस ही मजुरी नव्हे

भातुकली आपण सगळ्याच खेळलो आहोत. एक आई व्हायची, एक पाहुणी, एक दुकानदारीण. बोलता बोलता गोष्ट तयार व्हायची. मुली खेळल्या म्हणून तो पोरखेळ ठरला. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ पेटीत घालून विकायला आला. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी योद्धा, चोर, जादूगार व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे. त्याचा मोठा धंदा झाला, मासिकं निघाली. ही मासिकं बऱ्याच अंशी बाहेरच्या लेखक-चित्रकारांनी पाठवलेल्या मजकुरावर आणि चित्रांवर चालत आली.

हा विषय आपल्या अंकात कशाला, असं कुणी विचारील. सांगते.

माझी एक तरुण मैत्रीण चित्रकार आहे. नोकरी नाही, घरी बसून कामं घेते. परदेशातल्या अशाच एका मासिकाने तिच्याकडून लढवय्या बाईचं चित्र मागवलं. तिने अंगभर चिलखत घातलेली, पाय रोवून उभी राहिलेली बाई काढली. निरोप आला, चिलखत जरा कमी करा. तीन वेळा चित्र बदलून घेतलं, पैसे एकाच चित्राचे दिले. सहा महिन्यांनी तेच चित्र एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आणि विक्रीच्या टी-शर्टावर दिसलं. तिने विचारलं, तर करारातलं कलम दाखवलं गेलं: सर्व हक्क, कायमचे, सर्व माध्यमांसाठी. मी संतापले. ती म्हणाली, "जाऊ दे ना ताई, मी हौस म्हणूनच करते."

भांडण आहे ते या शब्दाशी. आपल्या श्रमाला पैशाखेरीज दुसरं काहीही नाव द्यायला ही व्यवस्था तयार असते. घरकामाला माया म्हणतात. अंगणवाडी सेविकेला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. आशाताई घरोघर फिरते ती 'स्वयंसेविका' म्हणून. आणि लिहिणारी, चित्रं काढणारी बाई? ती हौशी. हौस पुरुषालाही असते. पण त्याच्या हौसेचा व्यवसाय होतो आणि तिच्या व्यवसायाची हौस होते.

खेळाच्या त्या मासिकांचा इतिहासच पाहा. ऑक्टोबर १९७६ च्या 'द ड्रॅगन'च्या तिसऱ्या अंकात एका पुरुष लेखकाने खेळातल्या स्त्रियांसाठी वेगळे नियम सुचवले. त्यात ताकद कमी होती, व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाच्या जागी 'सौंदर्या'चा आकडा होता आणि पुरुषांना भुलवण्याच्या जादू होत्या. राक्षस, पंखांचे साप, बोलणाऱ्या तलवारी, सगळं कल्पनेला झेपलं. बाईचा दंड मजबूत असू शकतो, एवढं मात्र झेपलं नाही! १९७८ च्या नियमपुस्तकातही मानवी स्त्री-योद्ध्याच्या ताकदीला पुरुषापेक्षा खालची मर्यादा घातली होती. १९७९ मध्ये त्या कंपनीने जीन वेल्स या स्त्रीला खेळ रचण्याच्या कामावर घेतलं. जुलै १९८० मध्ये त्याच मासिकात तिने एका सहकाऱ्याबरोबर लेख लिहिला. स्त्रियांना समानता हवी आहे आणि ती का नसावी, असा त्याचा सवाल होता. ताकदीची ती मर्यादा नियमपुस्तकातून गेली १९८९ च्या आवृत्तीत. १९८१ मध्ये तिने लिहिलेलं साहस-पुस्तक छापून झाल्यावर कंपनीनेच मागे घेतलं आणि दुसऱ्या लेखकाकडून नव्याने लिहून घेतलं.

म्हणजे बाईचं चित्र कसं असावं हे ठरवणारे आणि बाईच्या कामाचं काय करावं हे ठरवणारे हात एकच होते. चिलखत कमी करा म्हणणारा आणि सर्व हक्क कायमचे द्या म्हणणारा एकच असतो, हे माझ्या मैत्रिणीनेही पाहिलं.

१९९९ मध्ये त्या मासिकाचे पहिले २५० अंक एका सीडी-संचात भरून विकायला काढले. आपण एका अंकापुरतं दिलेलं काम पुन्हा विकायचा हक्क यांना कुणी दिला, यावरून लेखक-चित्रकारांशी वाद उभा राहिला. वर्तमानपत्रांबाबतचा असाच वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. बाहेरून लिहिणाऱ्यांचे लेख त्यांच्या परवानगीवाचून संगणकीय संग्रहात विकता येणार नाहीत, असा निकाल २००१ मध्ये लागला. लेखक जिंकले. मग प्रकाशकांनी काय केलं? करारातच सर्व हक्क लिहून घेतले. न्यायालयाने दाराने दिलेलं कलमाने खिडकीतून नेलं. म्हणून म्हणते, निकाल पुरत नाहीत. सही करणारा हात शहाणा व्हावा लागतो.

आपल्याकडचा कायदा काय सांगतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मासिकाच्या नोकरीत नसलेल्या लेखिकेचा लेख तिच्या मालकीचा असतो. हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण चित्रकार मैत्रिणींनो, इथे मेख आहे. कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या रंगचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, पैसे देणारा ठरतो. म्हणजे गप्प बसलात तर चित्र गेलं. मात्र हक्क विकले तरी हे काम माझं आहे असं म्हणण्याचा आणि बदनामी होईल अशी मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो.

आता थोडं आपल्या घरात पाहू. आठ मार्चचं पोस्टर कुणी काढलं, सांगता येईल? वर्षानुवर्षं तेच चित्र प्रत्येक मोर्चात, प्रत्येक पत्रकावर. खाली नाव नाही, विचारणा नाही, पैशांचा तर प्रश्नच नाही. "चळवळीसाठी दिलंय ना!" आपल्या अंकांनीही हेच केलं आहे, मीही केलं आहे. प्रकाशक 'हौस' म्हणतो, आपण 'बांधिलकी' म्हणतो. तिच्या हातात पडतं तेच.

आपल्याकडे पैसे नाहीत हे खरं. पण नसणं आणि न सांगणं यांत फरक आहे. पैसे देता येत नसतील तर काम मागतानाच तसं लिहावं. एका अंकापुरतं घेतलेलं एका अंकापुरतंच वापरावं, पुन्हा हवं तर पुन्हा विचारावं. नाव छापावं. मूळ चित्र परत करावं. तिला न विचारता चित्र कापू नये, मजकूर बदलू नये. याला एक रुपयाही लागत नाही.

वेगळं करता येतं. १९७५ मध्ये, जगभर महिला वर्ष साजरं होत होतं त्याच साली, लॉस एंजलिसमध्ये ली गोल्ड या स्त्रीने याच खेळाच्या शौकिनांचं एक नियतकालिक सुरू केलं. प्रत्येकाने आपली पानं पाठवायची, ती एकत्र करून सगळ्यांना धाडायची. महिन्यामागून महिने ते जवळजवळ पन्नास वर्षं चाललं. हौसेवरच चाललं, पण ती आपसांतली हौस होती, तिच्यावर कुणाचा धंदा उभा नव्हता. हौस द्यायची की नाही, कुणाला द्यायची, हे जिची हौस तिने ठरवावं.

तेव्हा, पुढच्या वेळी कुणी चित्र मागितलं, गोष्ट मागितली, तर हसून हो म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारा. पैसे किती? कशासाठी आणि किती काळ? नाव कुठे? हे विचारणारी बाई हावरट ठरेल, उर्मट ठरेल. ठरू दे. मजुरी मागणाऱ्या प्रत्येक बाईला हेच ऐकावं लागलं आहे.

माझ्या मैत्रिणीने पुढच्या करारातलं 'कायमचे' खोडून 'एका अंकासाठी' लिहिलं आणि परत पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही. ती वाट बघते आहे, आणि चिलखत घातलेली बाई पुन्हा काढते आहे.