काटा कुणाच्या हातात?

कॅलरी मोजायचं वेड आता आपल्या वस्तीतही शिरलंय. तालमीतली पोरं जिमात गेली आणि मोबाईलवर हिशेब ठेवायला लागली. सकाळी इतक्या, रात्री इतक्या. पुड्यावरचा आकडा वाचायचा आणि टाकायचा. मी म्हणतो मोजा, बेधडक मोजा. पण पुड्यावरचा आकडा प्रमाण मानू नका. छापलंय म्हणून खरं, ही पोथीवाल्यांची अक्कल. तिनं आपल्या आज्यापणज्यांचं काय केलं ते नव्यानं सांगायला नको.

मी काटा घेतला. फरसाणाचा 200 ग्रॅमचा पुडा फोडला. मागं मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं : एक सर्व्हिंग 20 ग्रॅम, 110 कॅलरी. वाचणाऱ्याला वाटावं, हे तर काहीच नाही. 20 ग्रॅम मोजून ताटलीत टाकले. मूठ भरते न भरते. पाळी संपवून आलेला माणूस चहाबरोबर एवढंच खातो काय? घरात रोज भरतो तशी वाटी भरून काट्यावर ठेवली. 65 ग्रॅम. म्हणजे साडेतीनशेच्या वर कॅलरी.

हे 20 ग्रॅम ठरवले कुणी? ज्याचा माल त्यानंच. अमेरिकेत निदान सरकार मालागणिक माप नेमून देतं, तेही लोक खरोखर किती खातात ते बघून. 2016 साली तिथं आइस्क्रीमचं माप अर्ध्या कपावरून दोन-तृतीयांश कपावर नेलं. आपल्याकडं चोराच्याच हातात तिजोरीची किल्ली.

वजनाचीही तीच गत. पॅकबंद मालाच्या 2011च्या नियमांत 50 ग्रॅमपर्यंतच्या पुड्याला 9 टक्के चूक माफ आहे. 50च्या जागी साडेपंचेचाळीस भरले तरी त्या एका पुड्यापुरता गुन्हा होत नाही. नमुन्यांची सरासरी भरली पाहिजे, असंही नियम म्हणतो. पण सरासरी बघायला निरीक्षक यावा लागतो, आणि आपल्या हातात पडतो एकच पुडा.

आता खरं दुखणं ऐका. आपल्या माणसांनी गावकी राबली आणि बदल्यात खळ्यावर बलुतं घेतलं. पायली, अधोली, चिपटं, सगळी मापं देणाऱ्याच्या हातात. दाबून भरायचं की वरच्यावर उडवायचं, त्याची मर्जी. म्हणून तर बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यावर दुरुस्तीचं बिल आणलं. बलुत्याच्या जागी रोख पैसा मागितला. वतनं कायद्यानं जायला 1958 उजाडावं लागलं.

साहेबाचं मापही असंच. 1877च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात रिचर्ड टेम्पलनं कामावरच्या मजुराला दिवसाला 1 पौंड धान्य पुरे ठरवलं. म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि वर खडी फोडायची. तिथला डॉक्टर कॉर्निश ओरडून सांगत होता की एवढ्यावर माणूस जगायचा नाही. त्याच साली टेम्पल मुंबईचा गव्हर्नर झाला.

मग आपलं सरकार आलं. 1979 साली योजना आयोगाच्या गटानं गरिबीची रेष आखली : खेड्यात 2400 कॅलरी, शहरात 2100. 2009 साली तेंडुलकर समितीनं कॅलरीचा दोर कापला. नव्या रेषेवरचा शहरी माणूस 1776 कॅलरी खातो, ते भारतासाठी सुचवलेल्या 1770च्या जवळच आहे, असा निर्वाळा दिला. तीस वर्षांत गरिबांची पोटं आकसली होती काय? 2011 साली तर सुप्रीम कोर्टात लिहून दिलं की शहरात दिवसाला 32 रुपये बास. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना 5 किलो धान्य दिलं. भागाकार करा. दिवसाला 166 ग्रॅम, पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी. त्यातही दुकानदारानं पोतं काट्यावरून लवकर उचललं की आणखी एक घास गेला.

बघा गंमत. वरच्यांना कॅलरी मोजायची ती पोट उतरवायला, आणि खालच्यांची कॅलरी दुसरेच मोजतात, देणं उतरवायला. मधल्या मधे 5 रुपयांचा पुडा. किंमत तीच, वजन दरसाल खाली. डब्याऐवजी आपली लेकरं तोच खातात. तेल, साखर, मीठ. पोट भरल्यासारखं वाटतं आणि अंगी काही लागत नाही.

म्हणून घरात काटा आणा. चारपाच जणांत एक आणा. सर्व्हिंगची ओळ सोडा, 100 ग्रॅमचा आकडा धरा. तो छापणं सक्तीचं आहे. तुम्ही खरोखर खाता तेवढं मोजा आणि स्वतः गुणा. एकाच मालाचे दहा पुडे मोजा, वजनं लिहून ठेवा, कमी भरले तर वैधमापन निरीक्षकाच्या टेबलावर ठेवा. रेशनचं धान्य दुकानाच्या दारातच परत तोला, चारचौघांसमोर. दुकानदार चिडेल. चिडू द्या.

पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यानं मापलेलं पदरात घेतलं. आता मापणारा हात आपला पाहिजे.