चतकोर भाकरीएवढा केक

मागच्या वर्षी आप्पांच्या पंच्याहत्तरीला आम्ही सगळे राजेश्वरला जमलो होतो. आप्पांना मधुमेह आहे, म्हणून मी वाटेत एका बेकरीतून ‘शुगर फ्री’ केक घेतला. आप्पा खूश! एक तुकडा झाला, दुसरा झाला, तिसराही झाला. “साखर न्हाई म्हणतीस ना पोरी, मग भ्यायचं कशाला?” दोन तासांनी घरच्या यंत्रावर तपासलं, तर आकडा २९०.

आप्पा काही बोलले नाहीत. पण पुढच्या महिन्यात नातवाच्या वाढदिवसाला केक कापताना ते उठून अंगणात जाऊन बसले. ते मला त्या २९० पेक्षा जास्त लागलं.

चूक माझीच होती. मी फक्त साखर बघितली, पीठ बघितलंच नाही. केकमधला मैदाही पोटात गेल्यावर शेवटी ग्लुकोजच होतो. मग मैद्याऐवजी ज्वारी घेतली की झालं का? तर तसंही नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम मैद्यात साधारण ७४ ग्रॅम कर्बोदकं आहेत आणि ज्वारीत ६८. फरक थोडाच. ज्वारीचा फायदा तंतूंमध्ये आहे: मैद्यात जेमतेम ३ ग्रॅम, ज्वारीत सुमारे १०. गूळ, मध, खजूर यांचंही तेच. नाव वेगळं, पण साखर ती साखरच.

वाट दाखवली ती आईने. ती म्हणाली, “त्यांना भाकरी बंद केली का आपण? चतकोर कमी केली. केकबी तसाच मोजून द्यायचा.”

मग मी घरच्या जिनसांचा केक बसवला. ज्वारीचं ताजं, बारीक दळलेलं पीठ १०० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट ५० ग्रॅम, दही १०० ग्रॅम, तेल ६० मिली, अंडी ३ आणि बिया काढलेला मऊ खजूर ८० ग्रॅम. वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ.

खजूर थोड्या गरम पाण्यात भिजवून वाटायचा. गार झाल्यावर अंडी, दही, तेल घालून फेटायचं आणि मग पीठ व कूट मिसळायचा. २० मिनिटं तसंच ठेवायचं, म्हणजे पीठ पाणी पितं आणि केक खरखरीत होत नाही. शेवटी दीड चमचा बेकिंग पावडर घालून लगेच १७० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं भाजायचा. ज्वारीला मैद्यासारखा चिकटपणा नसतो, अंडी तो धरून ठेवतात. अंडी चालत नसतील तर एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून घाला. केक जरा भुगभुगीत होईल, पण जमेल.

याचे १२ तुकडे करायचे. एका तुकड्यात साधारण १२ ग्रॅम कर्बोदकं येतात. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ती ४० च्या आसपास असतात. म्हणजे एक तुकडा चतकोर भाकरीहून जरा जास्त. केक खायचा त्या जेवणात तेवढी भाकरी कमी.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रत्येकाचं शरीर आणि औषध वेगळं, म्हणून पहिल्यांदा खाण्याआधी आणि दोन तासांनी साखर तपासा, आणि किती चालेल ते डॉक्टरांना विचारा. दुसरं, साखर एकदम उतरून घाम सुटला, हात थरथरले, तर हा केक देऊ नका. तेल आणि शेंगदाण्यांमुळे त्याची साखर हळू चढते. तेव्हा ग्लुकोज किंवा साखरपाणीच द्यायचं.

यंदा आप्पांच्या वाढदिवसाला हाच केक सगळ्यांसाठी केला, त्यांच्यासाठी वेगळा नाही. नातवंडांनी आधी नाकं मुरडली, मग शेंगदाण्याचा वास आला आणि ताटली रिकामी झाली. आप्पांनी स्वतः कापला, एक तुकडा खाल्ला आणि जेवताना पानातली चतकोर भाकरी न सांगता बाजूला काढली. दोन तासांनी आकडा १६८.

दुसरा तुकडा त्यांनी मागितला होता, हे खरं. “उद्या,” आई म्हणाली.

तुमच्या घरी आजी-आजोबांसाठी काय करता? जरूर कळवा.