आधी मिशी कापा, मग मरा



युद्धाचं भाषण ठोकणारा आणि युद्धात मरणारा सहसा एका आळीत राहत नाहीत. हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायला नको. पण हीच गोष्ट अमेरिकेच्या टीव्हीवर, तिथल्याच शिपायांच्या तोंडून ऐकू येते तेव्हा नीट कान द्यावा लागतो. म्हणून या अंकात ‘जनरेशन किल’. २००८ साली एचबीओनं दाखवलेली सात भागांची मालिका. यंदा मी ती दुसऱ्यांदा पाहिली, पाळ्यांच्या मधल्या वेळात, मोबाइलवर. पहिल्या खेपेला नजर बंदुकीवर जाते. दुसऱ्या खेपेला बंदूक धरणाऱ्या हातावर, आणि त्या हाताला हुकूम सोडणाऱ्या तोंडावर.

मामला असा. मार्च २००३ मध्ये अमेरिकेनं इराकवर चढाई केली. कारण काय, तर सद्दामकडं महासंहारक शस्त्रांचे साठे आहेत. साठे सापडलेच नाहीत. अमेरिकेच्याच तपास पथकानं २००४ साली तसा अहवाल दिला. तोवर बगदाद पडलं होतं आणि मुडदेही. अमेरिकेचे साडेचार हजारांच्या आसपास शिपाई त्या युद्धात गेले. इराकी नागरिक लाखांनी मोजायचे.

या चढाईत इव्हान राइट नावाचा पत्रकार मरीनच्या फर्स्ट रेकॉन बटालियनच्या गाडीत बसून गेला. आधी ‘रोलिंग स्टोन’मध्ये लिहिलं, मग २००४ साली पुस्तक काढलं. त्यावरून डेव्हिड सायमन आणि एड बर्न्स यांनी मालिका केली. सायमन जुना वार्ताहर. बर्न्स व्हिएतनामला जाऊन आलेला, मग पोलीस, मग मास्तर. रुडी रेयेस नावाच्या मरीननं तर स्वतःचंच काम केलंय. शेवटच्या प्रसंगापर्यंत पार्श्वसंगीत नाही. तुम्ही कुठं रडायचं हे कुणी बाजा वाजवून सांगत नाही.

आता पाहा काय दिसतं. माणसं मरायला निघालीत, आणि सार्जंट मेजर त्यांच्या मिशा तपासतोय. मिशी नियमात बसली पाहिजे! रात्री दिसायची यंत्रं आहेत, त्यांना बॅटऱ्या नाहीत. गाड्यांना चिलखत नाही. सामानाचा ट्रक मागं राहतो, मग पोरं अर्धपोटी. जगातली सगळ्यात श्रीमंत फौज, आणि शिपाई स्वतःच्या पगारातून सामान विकत घेतोय. गोदीत काम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडंही हातमोजे मागितले तर नाहीत, पण गणवेशाचं बटण तुटलं की मुकादम लगेच डाफरतो. वरच्याला खालच्याचा जीव दिसत नाही, बटण बरोबर दिसतं.

पण हे हसण्यावारी न्यायचं नाही. पुढं हाच खेळ रक्तावर येतो. शरण आलेल्या इराकी शिपायांना परत पाठवलं जातं, मागं त्यांचे मारेकरी उभे आहेत हे ठाऊक असून. एका विमानतळाकडं जाताना हुकूम सुटतो की समोर दिसेल तो शत्रू. कोवळा मरीन गोळ्या झाडतो. लागतात उंट राखणाऱ्या पोरांना. घरची माणसं ते रक्ताळलेलं पोर ओढत आणतात, आणि त्याला विमानानं हलवायचं की नाही यावर साहेबलोक घासाघीस करतात. पुढं नाक्यावर न थांबलेल्या गाडीत एक लहान मुलगी मरते. दोष कुणाचा? घोडा ओढणाऱ्याचा तर आहेच. पण हुकूम लिहिणाऱ्याचं नाव कुठल्या कागदावर?

एस्पेरा नावाचा सार्जंट आहे, गोऱ्यांच्या कुळातला नाही. तो भर वाळवंटात गोऱ्यांचा सगळा इतिहास काढतो, लुटलेल्या जमिनींचा हिशेब मांडतो. आणि तेवढं बोलून पुढच्या गावावर चाल करतो. मला सगळ्यात जास्त तोच माणूस टोचतो. कळतं सगळं, तरी वर्दी अंगावर आहे, कारण ती वर्दी म्हणजे पगार आहे, मान आहे.

इथंच या मालिकेशी माझं भांडण आहे. तिच्यातल्या पोरांची तक्रार काय? तर साहेब मूर्ख आहे, युद्ध नीट चालवत नाही. युद्ध मुळात का, हा सवाल अधूनमधून डोकावतो आणि पुन्हा धुळीत जातो. प्रत्येक मरीनला नाव, टोपणनाव, शिव्या, विनोद. मेलेल्या इराक्याला काय? बहुतेकांना नावच नाही. खालून पाहिलेलं युद्ध खरं, पण त्या शिपायाच्याही खाली कुणी तरी आहे, जमिनीला चिकटून.

आपला काय संबंध, असं म्हणू नका. २००३ साली आपल्या संसदेनं या चढाईचा निषेध केला आणि फौज पाठवायला सरकारनं नकार दिला, हे बरं झालं. पण ऑक्टोबर १९१४ मध्ये याच मुंबई बंदरातून बसऱ्याकडं फौज गेली होती, इंग्रजांसाठी. तिचं नाव पुणे डिव्हिजन. एप्रिल १९१६ मध्ये कूतला ती शरण गेली आणि तिचे हजारो हिंदी शिपाई कैदेत मेले. राज्य इंग्रजांचं, लढाई तुर्कांशी, हाडं आपली.

आणि आपल्या बापजाद्यांचं? १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद केली. म्हणे लढवय्ये नाहीत. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ साली एकशे अकरावी महार पलटण उभी केली. गरज सरली, १९२१ साली मोडली. दुसरं महायुद्ध पेटलं, १९४१ साली महार रेजिमेंट. म्हणजे आमचं शौर्य साहेबाला मुडदे कमी पडले की आठवतं.

आजही वस्तीतली पोरं पहाटे मैदानावर धावतात. २०२२ पासून अग्निवीर म्हणून चार वर्षं, त्यानंतर कायम होतात ते जास्तीत जास्त शंभरातले पंचवीस. मी त्या पोरांना हसणार नाही. पोट आहे, आईचं औषध आहे, वर्दीतल्या माणसाला गावचा पाटीलही जरा जपून हाक मारतो. धावा. पण धावताना डोकं घरी ठेवू नका. शिपायाला साहेबाचा मूर्खपणा दिसतो, एवढ्यानं भागत नाही. युद्ध कुणी मागितलं, फायदा कुणाच्या खिशात, आणि समोर जो मेला त्याचं नाव काय, हे तीन सवाल ज्याला पडतात तो माणूस. ज्याला ते पडूच दिले जात नाहीत, तो फक्त हत्यार.

‘जनरेशन किल’ जरूर पाहा. टोळीनं बसून पाहा, भांडत पाहा. आणि त्या मुलीच्या गाडीपाशी थोडं थांबा. मालिका तिथं थांबत नाही.