मोत्या आणि गुहागरची वाळू

मागच्या डिसेंबरात शनिवार-रविवार मोत्याला घेऊन गुहागरला गेलो होतो. सुरूच्या बनातून बाहेर पडलो, समोर रिकामा किनारा दिसला आणि पट्टा सोडला. गडी सुटलाच! लाटांवर भुंकणं काय, खेकड्यांच्या बिळात नाक खुपसणं काय...

मग भरतीच्या रेषेच्या वर तो एका जागी उकरायला लागला. मी हसत फोटो काढतोय! गावातल्या एका काकांनी हटकलं, "अहो, कासवाची अंडी असतील तिथे."

साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले इथे अंडी घालतात, एका घरट्यात शंभरेक. नशीब, तिथे काही नव्हतं. कुत्रा मोकळाच फिरवावा म्हणणारा मी, पण त्या महिन्यांत पट्टा हातातच हवा. मोत्याला पटलं नाही. परतताना गाडीत पाठ करून बसला होता.