स्कॉटिश पबची परंपरा नेमकी कशात आहे: लाकडात, बाटलीत की पिंपात?

१/२०
एडिंबरा किंवा ग्लासगोच्या जुन्या पबमध्ये शिरणाऱ्या प्रवाशाला प्रथम दिसते ते महोगनीचे काउंटर, नक्षीदार आरसे आणि मागच्या फळ्यांवर ओळीने मांडलेल्या व्हिस्कीच्या बाटल्या. हे सारे अनादिकाळापासून असेच चालत आले असावे, अशी त्याची समजूत होते. इतिहास ही समजूत टिकू देत नाही. या धाग्यात त्याची कारणे आणि त्यातून उभा राहणारा प्रश्न: अशा ठिकाणी जपण्यासारखे नेमके काय असते?

२/२०
आरंभ व्हिस्कीपासून. १४९४ सालच्या स्कॉटिश राजकोषाच्या हिशेबात एक नोंद आहे. जॉन कॉर नावाच्या ख्रिस्ती धर्मबंधूला राजाज्ञेने ‘ॲक्वा व्हिटी’ तयार करण्यासाठी माल्ट, म्हणजे भिजवून, मोड आणून वाळवलेले सातू, देण्यात आले. ॲक्वा व्हिटी म्हणजे लॅटिनमध्ये जीवनजल. त्याच अर्थाच्या ‘उश्के बाहा’ या गेलिक शब्दजोडीच्या पूर्वार्धातून ‘व्हिस्की’ हा शब्द घडला.

३/२०
या जीवनजलावर १६४४ साली स्कॉटिश संसदेने अबकारी कर बसवला. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या संसदा एक झाल्या आणि १७२५ च्या माल्ट-कराने ग्लासगोत दंगल पेटली. जमावाने करास अनुकूल ठरलेल्या खासदाराच्या वाड्याची नासधूस केली. कर चढत गेले तसतशा हायलँड्सच्या दऱ्याखोऱ्यांत चोरट्या भट्ट्या वाढल्या. मराठीत या व्यवसायाला नेमका शब्द आहे: हातभट्टी.

४/२०
गंमत अशी की, राजाचीही पसंती हातभट्टीलाच होती. १८२२ साली चौथा जॉर्ज एडिंबरा येथे आला, तेव्हा त्याने ग्लेनलिव्हेटच्या बेकायदा व्हिस्कीचीच मागणी केल्याची आठवण एलिझाबेथ ग्रँट या समकालीन लेखिकेने नोंदवली आहे. दुसऱ्याच वर्षी, १८२३ मध्ये, नवा कायदा आला. कर निम्म्याहून कमी झाला आणि १० पौंडांत परवाना मिळू लागला.

५/२०
१८२४ साली ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला. कायद्याच्या वाटेने जाणारा हा शेजारी जुन्या चोरट्या भट्टीवाल्यांना रुचला नाही. धमक्या इतक्या आल्या की, स्वसंरक्षणासाठी त्याला पिस्तुले बाळगावी लागली. आज ‘प्राचीन’ म्हणून मिरवणाऱ्या उद्योगाचा पाया असा अबकारी खात्याच्या कागदावर घातला गेला.

६/२०
१८३० साली इनियस कॉफी या निवृत्त आयरिश अबकारी अधिकाऱ्याने अखंड चालणाऱ्या ऊर्ध्वपातन यंत्राचे पेटंट घेतले. त्यातून हलकी, स्वस्त धान्य-व्हिस्की निघू लागली. एडिंबराच्या अँड्र्यू अशरसारख्या व्यापाऱ्यांनी मिश्रणाची कला वाढवली. किल्मार्नकचा जॉन वॉकर मुळात किराणा दुकानदार होता. त्याने १८२० साली दुकान थाटले होते. जगाला ज्ञात असलेली ‘स्कॉच’ ही बव्हंशी या मिश्रणाचीच संतती होय.

७/२०
मिश्रणातील धान्य-व्हिस्कीला ‘व्हिस्की’ म्हणावे काय, यावर खटला झाला आणि १९०८-०९ मध्ये शाही आयोग बसला. आयोगाने होकार दिला. पिंपात किमान ३ वर्षे मुरण्याची अट तर पहिल्या महायुद्धातील. मद्यपानाला आळा घालण्यासाठी १९१५ मध्ये २ वर्षांची सक्ती झाली आणि पुढल्याच वर्षी ती ३ वर्षांवर गेली. ज्याला आज सारे जुनी रीत म्हणतात, तो युद्धकाळातला निर्बंध आहे.

८/२०
पबची घडणही कायद्याचीच. १८५३ च्या फोर्ब्स मॅकेंझी कायद्याने रात्री ११ नंतर आणि रविवारी पूर्ण दिवस पब बंद ठेवणे बंधनकारक केले. रविवारी पेय मिळे ते हॉटेलात, तेही ‘खऱ्याखुऱ्या प्रवाशा’लाच. साहजिकच अनेक तहानलेले गृहस्थ रविवारी प्रवासी होत. पबना रविवारी उघडण्याची मुभा मिळण्यास १९७६ चा कायदा यावा लागला.

९/२०
आता ते देखणे अंतर्गृह. परवाने देणाऱ्या न्यायाधीशांना आडोशाच्या लहान खोल्यांचा संशय असे. एका नजरेत सारे दिसेल अशी मोकळी दालने त्यांना हवी असत. म्हणून मध्यभागी बेटासारखे किंवा लांबच लांब काउंटर आले. ग्लासगोच्या ‘हॉर्सशू बार’चे काउंटर १०४ फुटांहून अधिक लांब आहे. आज सौंदर्य म्हणून वाखाणली जाणारी ही रचना एका अर्थी पहाऱ्याची सोय होती.

१०/२०
मद्यविरोधी चळवळही तेवढीच प्रबळ होती. १९१३ च्या कायद्याने स्थानिक मतदानाने दारूबंदी करता येऊ लागली. कर्किंटिलॉख हे गाव १९६० च्या दशकापर्यंत कोरडे राहिले. १९२२ च्या निवडणुकीत डंडी शहराने विन्स्टन चर्चिल यांना पाडून निवडून दिलेल्यांत एडविन स्क्रिमजर हे दारूबंदीवादी होते. स्कॉटलंडचा इतिहास केवळ पिणाऱ्यांचा नाही, पिणे थांबवू पाहणाऱ्यांचाही आहे.

११/२०
व्हिस्कीच्या झगमगाटात जिचा विसर पडतो ती ‘एल’, म्हणजे सातूच्या माल्टपासून आंबवलेली बिअर. एडिंबरा हे एकोणिसाव्या शतकात बिअरनिर्मितीचे मोठे केंद्र होते. ६०, ७०, ८० शिलिंग ही एलची नावे जुन्या काळच्या पिंपाच्या भावावरून पडली. भाव जितका चढा तितकी एल साधारणतः कडक. शिलिंग चलनातून गेले, नावे राहिली. ‘इंडिया पेल एल’ या प्रकारातील ‘इंडिया’ही नुसती शोभा नव्हे: एडिंबराच्या कारखान्यांतून पिंपे हिंदुस्थानकडे जहाजाने रवाना होत.

१२/२०
‘रिअल एल’ म्हणजे काय? कारखान्यातून निघालेल्या या पिंपात यीस्ट जिवंत असते आणि आंबण्याची शेवटची पायरी पबच्या तळघरात पूर्ण होते. तळघर साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअसवर राखावे लागते. पिंप स्थिर ठेवून गाळ तळाशी बसू द्यावा लागतो. लाकडी खुंटी ठोकून आतला वायू बेताने सोडावा लागतो. मगच ती हातपंपाने वर ओढली जाते. स्कॉटलंडात हवेच्या दाबाने एल वर चढवणारे उंच नळखांबही प्रचलित होते.

१३/२०
पिंप उघडले की हवा आत शिरते आणि घड्याळ सुरू होते. सुमारे ३ दिवसांत ते संपले नाही, तर एल आंबट होऊ लागते. १९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी यावर उपाय काढला: गाळून, उष्णतेने यीस्ट मारून, कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली बंद केलेली ‘केग’ बिअर. ती टिकते, सर्वत्र एकसारखी लागते आणि तळघरातील जाणकाराची गरज ठेवत नाही.

१४/२०
या सपाटीकरणाविरुद्ध १९७१ साली चार इंग्रज मित्रांनी ‘कॅमरा’ ही ग्राहक-चळवळ उभारली. ‘रिअल एल’ ही संज्ञा तिनेच रूढ केली. म्हणजे जुन्या वस्तूचे हे नाव नवेच आहे. ती वस्तू हातची जाऊ लागली, तेव्हा तिला वेगळे नाव देण्याची वेळ आली. वारशाच्या बाबतीत असे पुष्कळदा घडते.

१५/२०
स्कॉटिश पबमध्ये ‘हाफ अँड हाफ’ मागण्याची रीत आहे: व्हिस्कीचा लहान पेला आणि सोबत अर्धा पाइंट बिअर. दोन्ही सातूचीच लेकरे. आंबवलेल्या सातूच्या रसाचे ऊर्ध्वपातन केले की व्हिस्कीचा जन्म. मात्र दोघींचे स्वभाव विरुद्ध. व्हिस्की थांबते, पिंपात वर्षानुवर्षे मुरते, बाटलीत बंद होऊन मुंबईपर्यंत येते आणि तशीच राहते. एल थांबत नाही. तिला तळघर हवे आणि तीन दिवसांत पिंप रिकामे करणारा शेजार हवा.

१६/२०
येथेच मूळ प्रश्नाचे उत्तर दडले आहे. पबच्या लाकडाला आणि आरशांना कायद्याचे संरक्षण मिळू शकते. एडिंबराचा ‘कॅफे रॉयल’ घ्या. जेम्स वॅट, मायकेल फॅरेडे आदींची डोल्टन टाइल्सवरील चित्रे असलेली ही वास्तू १९६० च्या दशकात एका दुकानाच्या विस्तारासाठी जाणार होती. नागरिकांनी विरोध केला, ती वाचली आणि आज ती ‘ए’ श्रेणीची संरक्षित वास्तू आहे.

१७/२०
व्हिस्कीचे रक्षण जागतिक बाजार आणि काटेकोर कायदे करतात. एलच्या पिंपाला असा वाली नाही. एडिंबराच्या स्लेटफर्ड रस्त्यावरील कॅलेडोनियन ब्रुअरी १८६९ ची. तिच्या ‘ड्यूकर्स आयपीए’ला २००२ साली कॅमराचा ब्रिटनमधील सर्वोत्तम बिअरचा किताब मिळाला. वीस वर्षांनी, २०२२ मध्ये, ती बंद झाली आणि त्या एलचे उत्पादन डनबारला हलवण्यात आले. मानसन्मान होता, इतिहास होता, तरीही भट्टी विझली.

१८/२०
जुने ते सर्व जपावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. ॲबर्डीनच्या ‘द ग्रिल’ या पबची परंपरा स्त्रियांना प्रवेश न देण्याची होती. १९७३ साली स्कॉटिश ट्रेड्स युनियन काँग्रेसच्या अधिवेशनास आलेल्या महिला प्रतिनिधी तेथे घुसल्या आणि त्यांनी पेय मागितले. त्यांना नकार मिळाला. पुढे १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्याने तो नकार बेकायदा ठरवला. ही परंपरा मोडली हे उत्तमच झाले. मुळात बंदिस्त असलेले ठिकाण त्यामुळेच खऱ्या अर्थाने ‘सार्वजनिक’ झाले.

१९/२०
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मद्याने स्कॉटलंडचे मोठे नुकसान केले आहे. म्हणूनच २०१८ मध्ये तेथे मद्यावर किमान दर लागू झाला. पण हा दर मुख्यतः दुकानांतल्या स्वस्त मद्यासाठी होता, कारण आज तेथील बहुतांश मद्य दुकानातून विकत नेले जाते. पबात चार डोळे पाहत असतात, ओळखीचा माणूस ‘आता पुरे’ म्हणू शकतो. पब बंद पडल्याने पिणे थांबत नाही, ते भिंतीआड जाते.

२०/२०
म्हणून स्कॉटिश पबचा वारसा मोजायचा, तर फळीवरच्या बाटल्या मोजून भागणार नाही. त्या बाटल्या कोणत्याही विमानतळावर मिळतात. तळघरात पिंप जिवंत आहे का, ते जपणारा जाणकार आहे का आणि ते तीन दिवसांत संपवणारा शेजार उरला आहे का, हे पाहावे लागते. कायदा इमारत वाचवू शकतो, बाजार बाटली वाचवू शकतो. पिंप मात्र नेहमीचे गिऱ्हाईकच वाचवते. ते यायचे थांबले की मागे उरते ते सुंदर लाकूडकाम असलेले एक संग्रहालय.